स्पीकरचं हमिंग आणि तीन ओळींची बातमी

आजची पोस्ट लांब आहे. वरवर बघितलं तर विषय स्पीकर दुरुस्तीचा आहे, पण गावठाणातल्या इमारतींत राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. मालक असा की भाडेकरू, दोघांनीही.

माझा भाचा तळवलीत, गावठाणातल्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत त्याने छोटा स्टुडिओ मांडलाय. हळदीची गाणी, आगरी-कोळी गीतं, गणपतीत मंडळांच्या ऑडिओ जाहिराती. सामान फार नाही. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक आणि दोन पॉवर्ड स्टुडिओ स्पीकर. पॉवर्ड म्हणजे अँप्लिफायर स्पीकरच्या पोटातच असतो. त्यामुळे प्रत्येक स्पीकरला दोन वायरी लागतात, एक आवाजाची आणि एक लाइटची. या दोन वायरी लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर आहे.

गेल्या महिन्यात रात्री त्याचा फोन आला. "मामा, स्पीकर नुसते घूं घूं करतायत. दोन दिवसांनी आजी येणारेत रेकॉर्डिंगला. काय करू?"

आजी म्हणजे त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या धवलारीण. नव्या वाचकांसाठी सांगतो, आगरी लग्नात विधी चालू असताना जी बाई धवले गाते ती धवलारीण. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. आता अशा बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. आजींचे धवले एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचे असं भाच्याच्या मनात दोन वर्षांपासून होतं. आजी तयार झाल्या आणि नेमके स्पीकर बिघडले.

सभा, पत्रकार परिषदा कव्हर करताना माइकवाल्यांच्या शेजारी उभं राहून मला यातलं थोडंफार कळतं, असा त्याचा समज आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

आवाज खरंच जोरात होता. जाड, एकसुरी, न थांबणारा. भाच्याने पेटी काढून सूर लावून दाखवला, खालच्या पांढरी पाचच्या जरासा वर. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते, म्हणून विजेचं हमिंग पन्नास नाहीतर त्याच्या दुप्पट, शंभर हर्ट्झला ऐकू येतं. दोन्ही सूर त्याच जागेवर पडतात. म्हणजे स्पीकरमध्ये लाइट गात होती एवढं नक्की झालं.

मी पोचायच्या आधीच भाच्याने मंडपवाल्या साउंडवाल्याला विचारलं होतं. त्याने फोनवरच उपाय सांगितला, "तिसरी पिन काढून टाक. सगळे तेच करतात." भाच्याने पिन कापली नव्हती, पण दहा रुपयांचा टू-पिन कन्व्हर्टर लावून बघितला होता. हमिंग एकदम बंद! दाखवताना तो खूश होता. मी तो कन्व्हर्टर काढायला लावला. तिसरी पिन अर्थिंगची. ती काढली की आवाज का थांबतो हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं, पण ती शोभेला दिलेली नाही एवढं माहीत होतं.

मग एकेक करून शोधत गेलो. तुमच्याकडे असा त्रास असेल तर हाच क्रम धरा.

पहिली गोष्ट, दोन्ही स्पीकर सारखेच वाजत होते. दोन स्पीकर एकाच दिवशी एकसारखे बिघडत नाहीत. दुसरी, इंटरफेसचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी हमिंग तेवढंच. म्हणजे ते गाण्याबरोबर येत नव्हतं, इंटरफेसच्या पुढे कुठेतरी घुसत होतं. तिसरी, स्पीकर चालू ठेवून आवाजाची वायर मागून काढली. एकदम शांत. म्हणजे स्पीकर चांगले. वायर काढूनही हमिंग राहिलं असतं तर आतले फिल्टर कपॅसिटर गेले असं धरून दुकानात न्यावे लागले असते. चौथी, वायर बदलून बघितली. फरक नाही.

मग लॅपटॉपकडे वळलो. चार्जर काढला, फरक नाही. चार्जर टू-पिनचाच होता. लॅपटॉपला एक एचडीएमआय वायर होती, भिंतीवरच्या टीव्हीला जोडलेली, मोठ्या स्क्रीनवर काम करता यावं म्हणून. ती काढली आणि हमिंग गायब. परत लावली, परत आलं. टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्स, त्याला बाहेरच्या खांबावरून आलेली केबल. एचडीएमआय तशीच ठेवून ती केबल बॉक्समधून सोडवली. हमिंग गायब. सोडवताना बोटाला बारीकशी झिणझिणी आली आणि केबलच्या टोकाला ठिणगी दिसली. त्या ठिणगीकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही.

याला ग्राउंड लूप म्हणतात, असं मी भाच्याला सांगितलं. स्पीकर लाइटच्या वायरीतून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला, टीव्ही केबलमधून बाहेरच्या खांबाच्या जमिनीला जोडलेला. दोन जमिनींत थोडा फरक असला की आवाजाच्या वायरीच्या जाळीतून करंट वाहतो आणि तोच स्पीकर वाजवतो. केबल काढून ठेव, प्रश्न मिटला. मला स्वतःचं कौतुक वाटलं. चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. मीही ऐकायला गेलो होतो. सुनबाईने खोलीत नुकताच ओला पोछा मारला होता, आजी अनवाणी. भाच्याने माइक पुढे केला, आजींनी उंची जुळवायला स्टँडला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"चावला रं!"

आम्ही घाबरलो. आजी मात्र हसत होत्या. "त्यात काय? आमचा फ्रिज त कवाचा चावतो. चप्पल घालून उघडायचा."

शेजारी उभी असलेली तिसऱ्या मजल्यावरची ताई म्हणाली, "आमचं वॉशिंग मशीनपण." कुणीतरी म्हणालं, जिन्याच्या रेलिंगलाही पावसाळ्यात मुंग्या येतात. सगळे हे सवयीची गोष्ट सांगावी तसं सांगत होते. रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं.

संध्याकाळी एक परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणला. त्याने मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, बरोबर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य यायला हवं, तिथे ११८. फेज आणि अर्थमध्ये २३० यायला हवेत, तिथे ११२. म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात वायर होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती.

मी म्हटलं, बल्ब लावून खात्री करू. त्याने हात धरला. "दादा, ते करूच नका. सगळ्या घरांची अर्थची वायर खाली एकत्र आहे. ती तुटलेली असेल आणि तुम्ही फेजवरून तिच्यात बल्ब लावला, तर सगळ्या इमारतीच्या फ्रिजवर फेज जाईल."

मग त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो.

आपल्या घरातला टीव्ही, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांच्या आत एक फिल्टर असतो. तो थोडासा करंट अर्थच्या वायरीत सोडतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. अर्थिंग शाबूत असेल तर तो निमूट जमिनीत जातो. या इमारतीत घरं अठरा. अठरा घरांचा हा गळका करंट एका वायरीत जमत होता आणि त्या वायरीला खाली जायला वाट नव्हती. इमारतभर एकच चांगली वाट सापडली, भाच्याच्या स्पीकरच्या तिसऱ्या पिनमधून आत, आवाजाच्या वायरीतून लॅपटॉपला, तिथून टीव्हीला आणि टीव्हीच्या केबलमधून बाहेर खांबाच्या जमिनीत. ते हमिंग म्हणजे अठरा घरांचा करंट माझ्या भाच्याच्या स्टुडिओतून बाहेर पडत होता.

आणि मी ती केबल काढून ठेवली होती. आवाज थांबला, वाट बंद झाली, करंट साठून राहिला. आजींनी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून स्टँडला हात लावला तेव्हा पुढची वाट त्या झाल्या. साउंडवाल्याने सांगितल्याप्रमाणे पिन काढली असती तरी आवाज थांबलाच असता, आणि इमारत जशी होती तशीच राहिली असती. टू-पिन कन्व्हर्टर नको म्हणणारा मी आणि पिन काढ म्हणणारा तो, दोघांनी केलं एकच. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं.

आजींना नुसती झिणझिणी आली, कारण तो करंट थोडा होता. पण समजा पहिल्या मजल्यावरच्या गिझरचं एलिमेंट फुटलं आणि फेज त्याच्या पत्र्याला टेकली. अर्थिंग चांगली असेल तर मोठा करंट जमिनीत जातो आणि एमसीबी पडते. अर्थिंग तुटलेली असेल तर एमसीबी पडत नाही, आणि वायर सामाईक असल्यामुळे फेज एकाच घरात राहत नाही, अठराही घरांच्या फ्रिजवर, मशीनवर, आजींच्या माइकवर जाऊन बसते. माणसाच्या अंगातून तीस मिलिअँपिअरच्या पुढे करंट गेला की जिवाला धोका सुरू होतो. नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण चाळीस मिलिअँपिअर घेतो. एवढ्यावर माणूस जातो.

गाणाऱ्यांच्या बाबतीत हे जगात घडून गेलंय. १९७२च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात लेस हार्वी नावाचा गिटारवादक स्टेजवर माइकला हात लावताच शॉक लागून गेला, सामानाची अर्थिंग नीट नव्हती म्हणून. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरीच गिटार वाजवताना शॉक लागून गेला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात, भजनात, हळदीत "माइक ओठाला चावतो" म्हणून गायक माइकवर रुमाल किंवा फोम गुंडाळतात. ते बघून आपण हसतो.

आता माझ्याबद्दल. वीस वर्षांत "विजेचा धक्का लागून मृत्यू" अशा किती बातम्या मी केल्या, मोजल्या नाहीत. त्यांचा साचा ठरलेला असतो. अमुक वयाची महिला, पाण्याची मोटर सुरू करताना, रुग्णालयात नेलं असता मृत घोषित, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. तीन ओळी. त्या रात्री घरी येऊन जुनी कात्रणं काढली. एकाही बातमीत मी हा प्रश्न विचारलेला नव्हता, त्या घरात अर्थिंग होती का? विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होण्याची तरतूद २००३च्या वीज कायद्याच्या कलम १६१ मध्ये आहे. एकदाही त्या कार्यालयात जाऊन चौकशीत काय निघालं हे मी विचारलं नाही. देशात दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं विजेच्या धक्क्याने जातात असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यातल्या काहींच्या तीन ओळी माझ्या हातच्या आहेत. आकस्मिक हा शब्दही मीच लिहिलाय. फ्रिज सहा महिने चावत असताना झालेला मृत्यू आकस्मिक कसा?

इमारतीकडे परत येतो. मीटरच्या खोलीतून बाहेर जाणारी लोखंडी पट्टी शोधली. ती भिंतीवरून खाली येत होती आणि गटाराच्या नव्या काँक्रीटपाशी संपत होती. कधी कापली, कुणी कापली, कुणालाच सांगता येईना. जमिनीतला खड्डा काँक्रीटखाली. त्याच्यावर कुणी कधी पाणी ओतलेलंही आठवत नव्हतं. खाडीकाठची खारी हवा, साध्या पट्टीला पाच-सात वर्षांत गंज धरतोच. वर काँक्रीट पडलं की बघणार कोण?

रविवारी जिन्यात बैठक घेतली. मालक म्हणाले, बिल्डर बघेल. बिल्डर फिफ्टी-फिफ्टीचा, आपले फ्लॅट विकून कधीच गेला. फ्लॅटवाले म्हणाले, मालक बघतील. भाडेकरू म्हणाले, आम्ही अकरा महिन्यांचे. सोसायटी रजिस्टर नाही. एकाने दुसऱ्या वायरमनचा स्वस्त उपाय आणला, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकायचं, दोनशे रुपयांत काम. आमचा इलेक्ट्रिशियन उठूनच उभा राहिला. कारण असं जोडलं आणि कधी न्यूट्रल तुटला, तर पूर्ण २३० व्होल्ट थेट फ्रिजच्या दारावर. चौथ्या मजल्यावरच्या एकांनी आरसीसीबी बसवली होती, पण ती सारखी पडते म्हणून वायरमनने डायरेक्ट करून दिली होती. ती बिचारी आपलं काम करत होती!

शेवटी आजी बोलल्या. "माझ्या नातीचा पाय ओला असतो. बोला, किती काढायचे?" घरटी बाराशे रुपये ठरले.

इमारतीच्या मागच्या बाजूला नवा खड्डा घेतला, इलेक्ट्रोड उतरवला, मीटरच्या खोलीपर्यंत नवी पट्टी ओढली, वर उघडता येईल असं झाकण ठेवलं. अर्थ टेस्टरवर दोन ओहमच्या आत रीडिंग आलं. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ २३०, न्यूट्रल आणि अर्थ दीड व्होल्ट. अकरा घरांनी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. सात घरांनी अजून नाही.

आणि स्पीकर? केबल परत जोडली तर अगदी बारीक हमिंग उरलं होतं. ते मात्र खरं ग्राउंड लूपचं. दोन्ही स्पीकर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घेतले. आवाजाच्या साध्या वायरी काढून बॅलन्स्ड वायरी लावल्या. तिच्यात आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, बाहेरचं हमिंग मात्र दोन्हींत सारखंच घुसतं, आणि स्पीकर दोघांतला फरक तेवढा घेतो, म्हणून हमिंग वजा होतं. स्टुडिओतला टीव्ही सेट-टॉप बॉक्सपासून कायमचा तोडला. खर्च पिन कापण्यापेक्षा जास्त, पण तिसरी पिन जागेवर आहे.

आता सगळ्यांसाठी.

१९७०ला सिडको आली, जमिनी गेल्या, १९८४ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, रक्त सांडलं, साडेबारा टक्के मिळाले. गावठाणात कुटुंबं वाढली तशी घरं वाढली. गरजेपोटीची घरं नियमित करा ही मागणी न्याय्य आहे, मी तिच्या बाजूने सतत लिहिलंय आणि लिहीन. पण त्या वादात आपण एक सोयीचं गृहीत धरून बसलोय. कागद होईल तेव्हा बाकीचं बघू. कागदावर इमारत अधिकृत आहे की नाही हे करंट बघत नाही. मीटर आहे, बिल भरतो, फ्रिज चालतो. मग अर्थिंगही आजच हवी.

मीटरच्या पुढचं, घरातलं वायरिंग ही आपली जबाबदारी असते. म्हणून घरातली एखादी वस्तू चावत असेल तर चप्पल घालू नका, ती वस्तू बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटमधलं अर्थिंग मोजून घ्या. स्वतः बल्ब लावून बघू नका. नवी मशीन घेतली आणि पिन बसत नाही म्हणून कापू नका, सॉकेट बदला. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ती पडत असेल तर का पडते ते शोधा, डायरेक्ट करून घेऊ नका. गटार, रस्ता, रंगकाम निघालं की आपल्या इमारतीची पट्टी कुठून जाते ते ठेकेदाराच्या माणसाला दाखवा. रस्त्यावरचा खांब किंवा डीपी चावत असेल तर १९१२ वर कळवा. मंडळांनी मंडपासाठी अधिकृत तात्पुरतं कनेक्शन घ्यावं आणि साउंडवाल्याला पहिला प्रश्न हा विचारावा, अर्थ कुठे दिलीस?

माझ्याकडून एक. यापुढे शॉकने मृत्यूची बातमी माझ्याकडून तीन ओळींत जाणार नाही. अर्थिंग होती का आणि विद्युत निरीक्षकांच्या चौकशीत काय निघालं, हे दोन प्रश्न विचारून लिहीन. नाही लिहिलं तर मला इथेच धरा.

आजींचं रेकॉर्डिंग गेल्या गुरुवारी झालं. त्यांनी आधी चप्पल काढली, मग स्टँडला एक बोट लावून बघितलं, मग पूर्ण हात. अकरा धवले झाले, राहिलेले पुढच्या आठवड्यात. ज्या सात घरांनी आरसीसीबी अजून बसवली नाही त्यांच्याकडे मी रविवारी परत जाणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर सकाळी दहा वाजता खाली भेटा.